मेलेल्या मासळीची राखण

२ ऑगस्ट, शनि.
हिरामावशीचा व्हिडिओ सगळ्या बोईसरभर फिरतोय. खाडीत मेलेली मासळी, पांढरी पोटं वर, आणि मागून तिचा आवाज, "बगा, कंपनीचं पानी काय करतं ते बगा." आमच्या दारावर बोंबील घेऊन येते, ती हीच. तक्रार मी लिहून देणार. वकिली सुरू केल्यापासून एवढा उत्साह पहिल्यांदाच.
आप्पांचा जन्म कारखान्यात गेला. म्हणाले, "कंपनी बंद पडली तर पोरांना पगार ही बाई देणार का?" खाडी बंद पडली त्याचं काय, म्हटलं.

४ ऑगस्ट, सोम.
प्रदूषणवाल्या ऑफिसात तक्रार दिली. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीने खाडीचं पाणी तपासलं होतं, तो रिपोर्ट जोडला. साहेबांनी चाळून बाजूला ठेवला. "हा अभ्यास झाला मॅडम. पुरावा नाही. नमुना आमच्यासमोर घ्यावा लागतो." शुक्रवारी पाहणीला येतो म्हणाले. येतील तेव्हा खरं.
संध्याकाळी बोईसरच्या ग्रुपवर मावशीचा फोटो, त्याला हार घातलेला. खाली जे लिहिलंय ते इथे उतरवणार नाही. जातीवरून, तिच्या विधवापणावरून. लिहिणारे अर्धे तिचं गिऱ्हाईक.

८ ऑगस्ट, शुक्र.
साहेब आले. खरंच आले! आणि खाडीचा काठ लखलखीत. औषधालाही मासा नाही. काल मावशीच्या अख्ख्या गावाने मेलेली मासळी गोळा करून पुरली, काठ झाडून काढला.
मावशी म्हणाली, "आज नारली पुनव हाय, वकीलबाय. दर्याला नारल काय घानीत द्यायचा?"
माझं डोकंच फिरलं. पाण्याचा नमुना घेतला तोही भरतीचा, समुद्राचं पाणी मिसळलेला. पंचनाम्यात एक ओळ : मृत मासे आढळले नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळ.
पंचनाम्याचा फोटो ग्रुपवर. कसा पोचला देव जाणे. आता मावशी 'खोटारडी'. बाजारात एकजण तिला म्हणाली, "तुमच्या खाडीत विष ना? मग मासळी विकता कशाला?" पाटी भरलेली परत आली.
तिला घेऊन पो. स्टे. ला गेले. हवालदार माणूस बरा, चहा पाजला. "मूळ मेसेज दाखवा." मावशीने फोन पुढे केला. रिकामा. ग्रुपवरचं लिहिणाऱ्यांनीच काढून टाकलंय, आणि तिला थेट आलेलं सगळं सुनेने रोजच्या रोज पुसलंय. "सासूच्या फोनात असली घान कशी ठेवायची?" सून म्हणाली. तिचं तरी काय चुकलं.
यांनी खाडी साफ केली, फोन साफ केला. आणि कायद्याला नेमकी घाणच हवी.
रिक्षात मला रडू आलं. मावशीच माझी पाठ थोपटत होती. लाज वाटली.

१४ ऑगस्ट, गुरु.
सकाळी मावशीचा फोन. रात्री परत कंपनीचं पाणी सोडलंय, मासळी परत मेलीय. "या टायमाला कोनाला हात नाय लावू दिला. बर्फ टाकू का जरा?"
नको मावशी. आहे तशी राहू दे.
मासळीवर बर्फ टाकू नको असं तिला जन्मात कोणी सांगितलं नसेल.
ऑफिसात फोन केला. उद्या झेंडावंदन, मग शनिवार-रविवार. "सोमवारी बघू."

१७ ऑगस्ट, रवि.
जाऊन आले. वास रस्त्यापासूनच. ओहोटीने ओढून नेऊ नये म्हणून गावाने जुनं जाळं आडवं लावलंय. मावशी ताडपत्रीखाली काठी घेऊन बसलीय, कावळे-कुत्री हाकलतेय. जन्मभर मासळी ताजी राखली, आता कुजलेली राखतेय. मला बघवेना.
शेजारी सून, हातात सासूचा फोन. वाजतो, ती वाचते, पालथा ठेवते. पुसत नाही.
निघताना मावशी म्हणाली, "सायब उद्या आला नाय, तर हे कवा पुरायचं?"
सून म्हणाली, "आनि हे कवा पुसायचं?"
उद्या फोन करते, एवढंच म्हणाले.
घरी आले. आप्पांनी दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. "आधी अंघोळ कर." पाणी तापवून ठेवलं होतं त्यांनी. ते कधीच गार झालं. मी अजून तशीच बसलेय.