कॅमेऱ्यातून आलेला आवाज

तैनान, १२ मार्च

प्रिय आ-मिंग,

आशीर्वाद. बाबांच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून कोणीतरी त्यांना त्यांचा शिक्का कुठे ठेवलाय ते विचारतंय, म्हणून हे पत्र. कागदांवर सहीच्या जागी तो शिक्का उठवल्याशिवाय हे घर विकता येत नाही, हे तुला सांगायला नको. बाकी त्यांची तब्येत ठीक आहे. गुडघे दुखतात.

मला हे वातीने सांगितलं. बाबांना सांभाळणारी ही इंडोनेशियाची बाई उगाच बोलणाऱ्यांतली नाही.

"ताई, भिंतीतले साहेब आज पुन्हा आले होते."

"कोण साहेब?"

"मला काय ठाऊक! आजोबा त्यांना मुलगा म्हणतात."

तिने तुझा आवाज ऐकलेला नाही. ती आल्यापासून तू घरी आलेला नाहीस.

मला चोराचा संशय आला. राउटरच्या सेटिंग उघडून पाहिल्या. घरातल्या यंत्रांना आतले वेगवेगळे पत्ते, बाहेरच्यांना मात्र सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. राउटर त्यांची अदलाबदल करतो आणि न बोलावता आलेलं बाहेरच थोपवतो. तू कॅमेरा बसवताना त्याच्यासाठी आत यायची एक वाट कायमची उघडी ठेवलीस, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. कोणीही शिरावं! पोलिसांत जायला मी चपला घातल्या होत्या. मग वाटलं, आधी स्वतःच्या कानांनी ऐकावं.

लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले. दुपारी आवाज आला.

"बाबा, शिक्का सापडला का?"

"आधी सांग, जेवलास का?"

"जेवलो, जेवलो. शिक्का?"

"काय जेवलास?"

"बाबा, मला वेळ नाहीये!"

"म्हणजे जेवला नाहीस. खोटारडा!" बाबा हसले. "तांदळाच्या डब्यात आहे. ताईला सांगू नकोस, ओरडेल."

आवाज ओळखू आला नाही, असंच लिहायचं ठरवून बसले होते. पण राउटरच्या पानावर त्या वेळी आत आलेला बाहेरचा पत्ता दिसत होता. एकच. तुझ्या दुकानाची लाइन मीच लावून दिली होती, आ-मिंग. तो पत्ता मला पाठ आहे.

पोलिसांत गेले नाही. वाट बंद केली. आता घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नाही. शिक्का माझ्याकडे आहे.

काल बाबा जेवण आटोपून भिंतीकडे तोंड करून बसले होते. "मिंग आज आला नाही?" वाती माझ्या कानात म्हणाली, "कॅमेरा बिघडला म्हणून सांगू?" मी नको म्हटलं. या घरात एवढं खोटं पुरे. बाबांना सांगितलं, मिंग चिंगमिंगच्या सणाला येईल, आईच्या थडग्यावरचं गवत काढायला. तेव्हापासून तुला काय खायला आवडतं ते वातीला शिकवणं चाललंय त्यांचं.

घर विकायचं असेल तर त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून माग. आधी जेव. मग बोल. ते हो म्हणाले, तर शिक्का मी स्वतः आणून देईन.

तुझी थोरली बहीण,
सू-ल्वान

कोपऱ्यावरच्या दुकानातून आज तुझ्या नावाने रवाना केलं: कॅमेरा, वायरसह, एक. पुढच्या दाराची किल्ली, एक.