गेरूची रेघ कुठे होती, अप्पा?

तीर्थरूप अप्पा,

साष्टांग नमस्कार. मायना बरोबर आहे ना? बाळबोध अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंत, पण आता या तमिळ मुलखातल्या आपल्या घरात मराठी पत्र लिहिणारी मी एकटीच उरले. पुण्याची माझी मैत्रीण सुभद्रा तर म्हणते, तुझी पत्रं पेशव्यांच्या दप्तरातून निसटल्यासारखी वाटतात, आणि मी कॉफीला कापी म्हटलं की हसते. म्हणून आज साधंच लिहिते.

तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज दुपारचं जेवण तसंच ठेवून लिहायला बसले, कारण परवा शुक्रवारी सभा आहे आणि तिथे मला एक उत्तर द्यायचं आहे. ते उत्तर जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या लोखंडी शटराजवळ दगडी खांब आहे ना, त्यावर तुम्ही दर वर्षी गेरूची रेघ ओढायचात. ती नेमकी किती उंचीवर होती?

हसू नका. मी तुमची लेक, चाळीस वर्षं तुम्हाला त्या शटरावर उघडझाप करणाऱ्या लस्कराची नोकरी करताना पाहिलं, आणि मला ते माहीत नाही!

मला वाटायचं, ती रेघ सणाची. आडी महिन्याच्या, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या, अठराव्या दिवशी आपण सगळे कालव्यावर जायचो. अम्मा चिंचेचा भात, दह्याचा भात, गोड भात असे डबे भरायची. कावेरीअम्मा नव्या पाण्याने गरोदर आहे, तिचे डोहाळे पुरवायचे. बायका काठावर हळदीकुंकू वाहायच्या, आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरून गेरूत बोट बुडवून खांबावर एक आडवी रेघ ओढायचात. मग तुम्ही एकटेच विणकरांच्या आळीत वळ्ळी अक्काकडे कापी प्यायला जायचात. अम्मा टोमणा मारायची, घरच्या कापीत काय विष आहे का. तुम्ही गालात हसायचात. कधी काही सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत, अप्पा?

तुम्ही गेल्यानंतरच्या आडीला घरात वर्षाचा दुखवटा, म्हणून सण झाला नाही. रेघही कुणी ओढली नाही. या आडीला तुमचं वर्ष होऊन गेलं होतं. मी उत्साहाने गेले. खांबावर शेवाळ चढलं होतं, त्यात कसलासा तांबडा पुसट डाग. मी काथ्याने खांब घासून लख्ख केला. हळद लावली, कुंकू लावलं आणि तुमची आठवण म्हणून गेरूची छान ठसठशीत रेघ ओढली. पाण्यात कोण उतरणार, म्हणून वरच्या पायरीवर उभी राहून ओढली. कुणी तरी फोटोही काढला माझा.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या जागी कुणाला नेमलंच नाही हे तुम्हाला माहीत आहे. सहा शटरं मिळून एकटा मुरुगेशन बघतो. तोच, तुमच्याबरोबर काम करायचा तो, आता मोपेडवर फिरतो. खांबावरच्या मोजपट्टीचे आकडे तर कधीच उडाले. त्याला तुम्ही जाता जाता एकच गोष्ट सांगितली होती, गेरूला पाणी लागलं की जादा पाण्याचं शटर उघड.

कार्तिकात तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे मी छत्री घेऊन आपल्या शेतावर गेले. दरवर्षी या दिवसांत आपलं दोन मा, म्हणजे एकरभरही नसलेलं, शेत तळं झालेलं असतं. ते शटर उघडलं की पाणी पहिल्यांदा आपल्याच बांधावर येतं, हे ठरलेलं. या वेळी संबा हंगामाचं भातपीक नुसतं पावसाने भिजलेलं, ताठ उभं! घरी येऊन मी अम्माला म्हटलं, या वर्षी कावेरीअम्मा पावली. आम्ही पायसम केलं, अप्पा. गूळ घालून. मी दोन वाट्या खाल्ल्या.

आणि त्याच वेळी विणकरांच्या आळीत पाणी शिरत होतं.

मुरुगेशन संध्याकाळी घरी आला. ओसरीवर बसला, पाणी दिलं ते हातातच धरून राहिला. म्हणाला, "अक्का, मी रेघ बघूनच पुढच्या शटराकडे गेलो. अजून वीतभर बाकी होती. परत आलो तर पाणी काठावरून आळीकडे वाहत होतं." तो गेल्यावर मी खांबाकडे जाऊन उभी राहिले. पाणी आळीत शिरलं, पण माझ्या रेघेपर्यंत पोचलंच नव्हतं.

आता मला सांगा, ही चूक कुणाची? भक्तीने खांब घासणारीची की चाळीस वर्षं तोंड मिटून रेघ ओढणाऱ्याची? तुमच्यावर राग येतो आणि लगेच लाजही वाटते. लोक तर मुरुगेशनलाच बोलतात, झोपला होता म्हणतात. तो मान खाली घालून ऐकून घेतो.

गेल्या आठवड्यात पहिली सभा झाली. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी नकाशा लावला. गावाच्या बाजूने कालव्याला काँक्रीटची उंच भिंत घालायची. टाळ्या पडल्या. मग पैसा कुणी द्यायचा यावर जुंपली. एक म्हणाला दिल्लीने द्यावा, पाऊस काय आम्ही पाडला? दुसरा म्हणाला, ज्यांनी ओढ्यात घरं बांधली त्यांच्याकडून घ्या. एक मास्तर उठून म्हणाले की इथला भात जो जो खातो त्या सगळ्यांनी थोडा थोडा भार उचलावा. पलीकडच्या काठावरचा केळीवाला मागे बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या भिंतीने वळवलेलं पाणी माझ्या बागेत येईल. त्या भिंतीचे पैसे मीही भरायचे का?" मला प्रत्येकाचं पटत होतं. बोलणारा बदलला की माझं मत बदलायचं. अशी बाई सभेत कशाला बसावी!

शेवटी साहेबांनी मलाच विचारलं. लस्करांची मुलगी तुम्ही, त्यांच्या काळात या आळीत कधी पाणी शिरलं नाही म्हणतात, ते कसं? मी म्हटलं, मला नाही माहीत. त्यांनी सांगितलं, आठवून बघा, शुक्रवारी सांगा, मग प्रस्ताव वर पाठवू.

चेन्नईला भावाला, आपल्या अण्णाला, फोन केला. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्याला पुराबद्दल फार कळतं. म्हणाला, तोंड उघडू नकोस तुळजा. निसर्गाचा कोप असला तर विणकरांना सरकारी मदत मिळते, माणसाची चूक म्हटलीस की त्यांच्या तोंडचा घास जाईल. तुझ्या खरेपणाची किंमत ते भरतील. अप्पा, तो चूक बोलत नाही हो. म्हणून तर डोकं चालत नाही. गप्प बसले तर मुरुगेशनची नोकरी जाईल आणि कदाचित गरज नसलेली भिंत उभी राहील, तिचं पाणी केळीवाल्याच्या दारात. बोलले तर विणकरांची मदत जाईल. इकडे आड, तिकडे विहीर.

तुम्ही आजोबांच्या काळचं सांगायचात. धरणाचं पाणी सुटायच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन कालव्यात उतरायचा आणि गाळ काढायचा. ज्या घरात माणूस नाही ते ताक पाठवायचं. तेव्हा कुणी विचारलं नाही की देशाने काय द्यावं. आता फावडं घेऊन कोण येईल? मी तरी जाईन का? आणि माणसं येत नाहीत म्हणून देशानेही हात झटकायचे का? सहा शटरांना एक मुरुगेशन ठेवायचा आणि भिंतीला मात्र पैसा आहे, हे कसलं गणित! पण हे मी बोलले तर लोक म्हणतील, स्वतःची चूक झाकते आहे. आणि थोडं खरंच असेल ते.

आपल्या शेताचंही कळत नाही. तुम्ही दर वर्षी ते पाण्याला दिलंत, भरपाई कधी मागितली नाहीत. अम्मा बडबडायची, आपलंच का बुडवता, दुसऱ्यांची नाहीत का शेतं? तुम्ही एकदाच बोललात. मी दारात उभी होते, म्हणून शब्द जसेच्या तसे आठवतात. "आपलं भिजलं तर वाळतें गे. तेंचं भिजलं तर जातें."

ते शब्द मला पूर ओसरला त्या दिवशी समजले. वळ्ळी अक्काच्या घरी गेले होते, पाणी उपसायला. तुम्हाला माहीत आहे, त्यांचे माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतात, विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. खड्डा काठोकाठ भरला होता. लग्नाच्या साडीचा ताणा लावलेला, त्याचा तांबडा रंग उतरून सगळ्या पाण्यात पसरला होता. आम्ही दोघी बादलीने पाणी काढत होतो. अक्का रडली नाही, फक्त म्हणाली, "तुझे अप्पा दर आडीला यायचे. आधी खड्ड्याच्या काठाला हात लावायचे, मग कापी घ्यायचे. मी म्हणायचे, माग काय देव आहे?"

मी तेव्हा पुढची बादली भरली. आज लिहिता लिहिता हात थांबला. अप्पा, तुम्ही कापीसाठी जात नव्हतात! खड्ड्याच्या काठाच्या खाली कालव्याचं पाणी राहावं, एवढीच ती रेघ होती ना? काठ खचला का, दगड हलला का, हे बघायचात आणि त्याप्रमाणे पुढच्या वर्षी रेघ ओढायचात. साहेबांच्या नकाशात तो खड्डा नाही. तुमच्या हातात होता.

म्हणजे रेघ कुठे ओढायची ते खांबावर सापडणार नाही. ते वळ्ळी अक्काच्या घरात आहे. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत दाखवणारी, ती खड्ड्याच्या काठाला धरून टप्प्याटप्प्याने खांबापर्यंत न्यायची. पण घरात नळी घेऊन गेले की अक्का विचारणारच, हे कशासाठी? आणि मला सांगावं लागेल.

सभेत काय बोलावं ते मला अजूनही धड कळलेलं नाही. भिंत हवी की नको, कुणी किती द्यावं, पाणी अंगावर घेणाऱ्या शेताला देशाने काही द्यावं का, आणि तुम्ही फुकट दिलेल्याचे मी पैसे मागितले तर तुम्हाला वाईट वाटेल का? हे सगळं तसंच आहे. पण पहिलं पाऊल कुणाच्या उंबऱ्यावर टाकायचं ते कळलं.

तर हे वचन देते. उद्या सकाळी गवंड्याला घेऊन अक्काकडे जाते. आधी खड्ड्याच्या काठाला हात लावीन, मग सांगेन की रेघ मी पुसली. शुक्रवारी काय बोलायचं ते तिला विचारून ठरवीन, कारण जाणार आहे ते तिचं. तिने कापी दिली तर घेईन, नाही दिली तरी नळी लावीन. आणि या वेळी पाण्यात उतरून रेघ ओढीन.

पुढच्या पावसात आपलं शेत बुडेल, अप्पा. अम्मा बडबडेल. तेव्हा मी गालात हसेन.

तुमची,
तुळजा