भैरोबाची आण आणि तीन स्वतंत्र आधार

१४ एप्रिल १९२६
मुळशी खोऱ्यात दाखल. टेकडीवरच्या शाळेच्या पडवीत बिऱ्हाड. खालची वाडी इथून दिसते. धरण भरलं की ती पाण्यात जाणार. तिथल्या जुन्या कथा त्याआधी टिपून ठेवायच्या, हा माझा निबंध. कॉलेजचं प्राइझ माझंच, फक्त लिहायचं बाकी आहे.
संकल्प : पहाटे उठायचं. ओरिजिनल सोर्सशिवाय एक ओळ लिहायची नाही. गूळ बंद.

१५ एप्रिल
उठायला नऊ वाजले. प्रवासाचा शीण.
वाडीत कुणाला सवड नाही. जो तो घराचे वासे काढून वर माळावर नेतोय. इतिहास दारात उभा आणि यांना वाशांची पडलीय! शेवटी भागूबाई नावाची म्हातारी नाचणी पाखडताना सापडली. वेशीवरच्या भैरोबाविषयी विचारलं. म्हणाली, द्येव हाय, दुसरं काय? एखादी जुनी कथा? न्हाई बा. मग मीच जरा मदत केली. म्हणालो, पूर्वी मोठा पूर आला तेव्हा एखाद्या राजानं नदीला आण घातली असेल, भैरोबाच्या वर चढायचं नाही म्हणून, असं काही ऐकलंय? तिनं सूप थांबवलं. म्हणाली, तुमी शिकलेली मान्सं, तुमी म्हंताय तर आसंल.
टिपलं : 'वृद्ध स्त्रीचा दुजोरा.' विचारायलाही कौशल्य लागतं.
सगळे मला मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही हे दोनदा सांगितलं. व्यर्थ.

२ मे
गूळ पुन्हा सुरू. इथलं पाणीच तसं आहे.
आज डोंगरावर पिराजी धनगर भेटला. मेंढरांवरची नजर काढेना. पण जाता जाता आपण होऊनच म्हणाला, खालच्या वाडीला भ्या न्हाई, राजानं नदीला आन घातलीया. अंगावर काटा आला! न विचारता! दुसरा स्वतंत्र आधार. शिवाय नवा तपशील : राजाचा घोडा पांढरा होता.

२३ मे
पौडच्या बाजारात चिमाबाई नावाची बांगडीवाली. तिच्याकडेही तीच कथा. फक्त घोडा काळा. पाठभेद! पाठभेद आहे म्हणजे कथा जुनीच. तीन आधार झाले. आता प्राइझ कोण अडवतो बघू.
परतताना भागूबाईचा मुलगा गेणू यानं वाटेत गाठलं. वाडीत आता त्यांचंच घर उभं आहे. वासे काढायला शिडी लावली तर म्हातारी शिडीच धरून बसते, म्हणते राजाची आन हाय, पानी यायचं न्हाई. पावसाळा तोंडावर आलाय, तुमी तरी सांगा तिला, मास्तर. मी म्हणालो, लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करणं संशोधकाला शोभत नाही. मनात म्हटलं, परंपरा जिवंत असल्याचा याहून मोठा एव्हिडन्स कुठला? तिथल्या तिथे टिपून घेतला.
गेणू रामराम न करता गेला. या लोकांना रीतभात नाही.

१० जून, पुणे
प्रोफेसरांना निबंध दाखवला. त्यांनी एकच विचारलं : या तिघांनी कथा कुणाकडून ऐकली? म्हणालो, वाडवडिलांकडून. विचारलंत? म्हणालो, ते उघडच आहे. म्हणाले, मग तेवढं उघड आहे ते विचारून या.
जळफळाट, दुसरं काय! जेवलो नाही. मग जेवलो.
लगेच जाण्यात अर्थ नाही. चिखल फार असतो.

४ जुलै, मुळशी
आलो एकदाचा. बूट गेले.
पिराजीला विचारलं. म्हणाला, बाजारात चिमाबाईनं सांगितलं. पौड वाटेतच होतं, तिला कालच विचारलं होतं. ती म्हणाली, भागूबाईनं. आणि घोडा? म्हणाली, तो मीच दिला जी, बिनघोड्याचा राजा बरा दिसतो व्हय?
तरी एक आधार शाबूत आहे. भागूबाई.

५ जुलै
पाणी भैरोबाच्या पुढ्यात आलंय. भागूबाई दारात बसून त्याकडे बघत होती. विचारलं, आणेचं तुम्हाला कुणी सांगितलं? ती हसली. म्हणाली, चेष्टा करता व्हय मास्तर? तुमीच न्हाई का सांगितलं, हितं बसून? पुन्याचं शिकलेलं मानूस कशाला खोटं बोलंल, म्हून साऱ्यास्नी सांगत सुटले मी.
म्हणालो, अहो, तो प्रश्न होता! तिला कळेना. पुन्हा समजावलं. शेवटी ओरडलो, उठा, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. तिचं हसू गेलं. म्हणाली, म्हंजी, आन न्हाईच?
नाही म्हणालो. फार हळू म्हणालो असेन, तिनं पुन्हा विचारलं.

७ जुलै
भैरोबा दिसत नाही. कणगीतली वर्षाची नाचणी भिजून गेली. गेणू नि त्याची बायको कमरेएवढ्या पाण्यात वासे ओढत होते. भागूबाई वर झाडाखाली घोंगडीत बसलेली. मला बघून म्हणाली, आता कुटवर येतंय पानी, मास्तर?
म्हणालो, मला माहीत नाही. हे वाक्य आजवर कुणापुढे तोंडातून निघालं नव्हतं.
गेणूनं ऐकलं. पाण्यातूनच म्हणाला, मंग ह्ये तवाच का न्हाई म्हनलात?
लाज वाटली. छत्री मिटली, पाण्यात उतरलो, एका वाशाचं टोक खांद्यावर घेतलं. पाय घसरला. वासा हातातून सुटून वाहत गेला. गेणूनं दंडाला धरून मला काठावर आणून बसवलं, आणि उरलेल्या वाशांसाठी तो परत पाण्यात गेला.