शहाण्णव अंडी, एक बोर्ड

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७

अंडी मशीनमध्ये गेली. शहाण्णव. लिडियाच्या बचत गटातल्या सहा बायकांनी प्रत्येकी सोळा आणली, सगळी गावरान. प्रत्येक अंड्यावर लिडियाने पेन्सिलीने नाव लिहिलं. आक्काबाईंची सोळा सगळ्यात मोठी. एकवीस दिवस लागतात, म्हणजे २९ तारखेला पिल्लं. बायको लिडियाची ही पहिली बॅच.

मशीन म्हणजे सोनईहून आणलेली जुनी लाकडी पेटी. चार बल्ब, पाण्याचा ट्रे. त्यातला तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट मेलेला आहे. समोरचा मच्छिंद्र (जळालेल्या मोटारींची वायर भरतो) बघून म्हणाला, "सर, श्रीरामपुरात साधा डिजिटल भेटतो. चार वायरी जोडल्या का झालं. सोमवारी आनू का?" लिडिया हो म्हणणारच होती. मी थांबवलं. घरात अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवणारा माणूस असताना मोटारी भरणाऱ्याकडून थर्मोस्टॅट बसवून घ्यायचा?

संकल्प: सिंगल बोर्ड कॉम्प्युटर घेणार. पत्त्यांच्या कॅटएवढा, पण अख्खा कॉम्प्युटर. तापमान, ओलावा, मोबाईलवर ग्राफ. बेलापुरातलं पहिलं स्मार्ट इन्क्युबेटर. मंगळवारपर्यंत तयार.

रविवार, ९ नोव्हेंबर

चर्चहून आल्यावर दोन तास अभ्यास केला. बोर्ड एक नाही, पन्नास आहेत. नावं सगळी फळांची. कुणी रास्पबेरी, कुणी संत्रं, कुणी केळं. राहात्याच्या मार्केटमध्ये उभं राहिल्यासारखं झालं.

एक्सेल शीट काढलं. सतरा कॉलम.

तोपर्यंत लिडिया हाताने बल्ब चालू-बंद करते आहे. ३८ झालं की बंद, ३७ झालं की चालू. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे, असं तिला सांगितलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत दिवसभर ऑनलाइन माहिती भरली. साइट बंद पडली, परत भरली. घरी आलो तेव्हा डोळे मिटत होते. अशा अवस्थेत चार जीबी की आठ जीबी हा निर्णय घेणं चूक ठरलं असतं. म्हणून नाही घेतला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जेनिफरला पुण्याला फोन केला. ती कंपनीत हेच काम करते, पण मी सल्ला विचारला नाही, फक्त माहिती दिली. ती म्हणाली, "पप्पा, बल्बच चालू-बंद करायचे ना? मग कॉम्प्युटर कशाला? साधा मायक्रोकंट्रोलर घ्या. त्यात एकच प्रोग्रॅम असतो, तो वर्षानुवर्षं चालतो. कॉम्प्युटर हँग होतो."

मी म्हणालो, उद्या कॅमेरा लावायचा झाला तर?

"अंड्यावर?"

नव्या पिढीला लांबचं दिसत नाही. शीटमध्ये कॅमेऱ्याचा कॉलम वाढवला. अठरा झाले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बोर्डावर चाळीस पिना असतात. मला दोन लागतील. पण अडतीस शिल्लक असल्याचं एक समाधान असतं.

आज जवळपास ठरलंच होतं. मग एका व्हिडिओत एकाने सांगितलं की नवीन मॉडेल जास्त तापतं, त्याला पंखा लागतो. दुसऱ्याने सांगितलं, जुनं घ्या. तिसऱ्याने सांगितलं, दोन्ही घेऊ नका. तिघांनाही लाखो लोक बघतात.

लिडियाच्या डोळ्यांखाली काळं आलंय. रात्रीही उठते वाटतं. मला उठवत नाही. माझा गुडघा तिला ठाऊक आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सातवा दिवस. लिडियाने खोलीत अंधार करून एकेक अंडं बॅटरीवर धरून पाहिलं. अकरा अंडी कोरी निघाली, ती काढली. पंच्याऐंशी उरली. मला बोलावून एक दाखवलं. आत लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मध्ये एक ठिपका हलत होता.

मी शाळेत हे दरवर्षी फळ्यावर काढतो. खरं आज पाहिलं.

लगेच बाहेर येऊन बोर्ड ऑर्डर केला. आठ जीबी. आता चालढकल नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बोर्ड आला! खोका एवढासा. लिडियाने हातात घेऊन वजन बघितलं आणि परत दिला.

खोक्यात फक्त बोर्ड आहे. चार्जर वेगळा, मेमरी कार्ड वेगळं, केबल वेगळी. हे कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी तेव्हा व्हिडिओ पुढे पळवला असणार.

बुधवार, १९ नोव्हेंबर

श्रीरामपूरला गेलो. कार्ड मिळालं. तापमानाचा सेन्सर आणि बल्ब चालू-बंद करणारा रिलेही मिळाला. चार्जर आणला नाही, मोबाईलचा आहेच. दुकानदार म्हणाला, "पॉवर कमी पडेल, सर." दुकानदारांना वस्तू खपवायच्या असतात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बोर्ड चालू झाला! स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखी विजेची खूण चमकते. चालू असल्याची निशाणी असावी.

संध्याकाळी आक्काबाई अंडी बघायला आल्या. मी त्यांना ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा काढून मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "ह्ये काय, सर, बीपी हाय का?" समजावून सांगितलं. "लई भारी," म्हणाल्या. मग मशीनच्या काचेतून आपली अंडी शोधत बसल्या. त्यांच्या कोंबड्या कुत्र्यांनी खाल्ल्या, एकच उरलीय. ही सोळा तिचीच. हे मला आज कळलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काल रात्री सिस्टिम पेटीला बसवली. रात्रभर चालली. ३७.४, ३७.६, ३७.५. लिडिया तेरा दिवसांनी पहिल्यांदा सलग झोपली.

सकाळी चहा देताना म्हणाली, "बरं केलंत हो."

एवढंच. पण मी शाळेत दिवसभर वेगळ्याच चालीने चालत होतो. मुख्याध्यापकांनी विचारलं, गुडघा बरा झाला का?

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी १

सकाळची शाळा. लिडिया भाचीच्या साखरपुड्याला सोनईला गेली. जाताना म्हणाली, "तासाने एकदा थर्मामीटर बघा. पेटीतला. मोबाईलवरचा नाही." बघतो म्हणालो. पण मग सिस्टिम कशासाठी?

दुपारी २. वेळ आहे तर ओलाव्याचाही ग्राफ टाकतो. एक सॉफ्टवेअर उतरवायला लावलंय. बोर्ड जरा हळू चाललाय. आठ जीबी आहे, झेपेल.

दुपारी ३. ओट्यावर बसून सहामाहीचे पेपर तपासतोय. मोबाईलवर ३७.६.

दुपारी ४. ३७.६. काय स्थिर चाललंय! माणसाला हे जमणार नाही.

दुपारी ४.४०. ३७.६.

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

लिहावं की नको. लिहितो.

पाचला मच्छिंद्र आला. म्हणाला, "सर, मागच्या खोलीतून गरम वास येतोय, बगा बरं." गेलो. चारही बल्ब पेटलेले. थर्मामीटर ४३.

बोर्ड सव्वादोनलाच हँग झाला होता. त्यामुळे बल्ब चालूच राहिले. आणि मोबाईलवर शेवटचा आकडा तसाच उभा होता. मी पावणेतीन तास ज्या स्थिरपणाकडे कौतुकाने बघत होतो, तो मेलेल्या मशीनचा स्थिरपणा होता.

मच्छिंद्रने आधी प्लगची पिन उपटली, मग झाकण उघडलं. मी ग्राफची कारणं सांगायला लागलो. तो म्हणाला, "सर, पुठ्ठा द्या, वारा घालू." आम्ही दोघं पुठ्ठ्याने वारा घालत बसलो.

लिडिया साडेसहाला आली. नवी साडी अंगावर. तशीच मशीनसमोर खाली बसली.

रविवार, २३ नोव्हेंबर

चर्चला गेलो नाही. लिडिया गेली.

कारणांची यादी केली: १) चार्जर. २) सॉफ्टवेअर. ३) पेटीला हवेची भोकं कमी. ४) साखरपुडा. चौथं खोडलं.

दुपारी तिने सगळी अंडी पुन्हा उजेडावर बघितली. मी बॅटरी धरली. जिवंत अंड्यात सावली हलते. हललं की ती उजवीकडे ठेवायची, नाही हललं की डावीकडे. डावीकडे बरीच झाली. आक्काबाईंचं एक अंडं तिने खूप वेळ धरून ठेवलं. माझा हात दुखायला लागला, पण बॅटरी हलवली नाही. शेवटी तिने ते डावीकडे ठेवलं.

पंच्याऐंशीतली सदतीस उजवीकडे.

मी म्हणालो, तू बायकांना सांग, तांत्रिक बिघाड झाला. ती म्हणाली, "मी का सांगू? तुम्ही सांगा."

सोमवार, २४ नोव्हेंबर

मच्छिंद्रने थर्मोस्टॅट आणून बसवला. चार वायरी. वीस मिनिटं लागली. पैसे विचारले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सर, पोरांची गणितं तुमीच शिकवली." त्याच्या पोरांना गणित मी शिकवलंच नाही, कुलकर्णी मॅडमनी शिकवलं. सांगितलं नाही.

शाळेतून येताना पाच घरं केली. पहिल्या घरी व्होल्टेजपासून सुरुवात केली. छबूबाईंनी मध्येच विचारलं, "म्हंजी मेली का?" हो म्हणालो. पुढच्या चार घरी तिथूनच सुरुवात केली.

आक्काबाईंच्या घरी गेलो नाही. गुडघा दुखत होता.

बुधवार, २६ नोव्हेंबर

अठरावा दिवस. आता अंडी फिरवायची नाहीत, फक्त पाणी वाढवायचं. मला कुणी काम सांगत नाही.

आक्काबाईंकडे आजही जाणं झालं नाही. शाळेत संविधान दिनाचा कार्यक्रम होता.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

लिडियाने विचारलं, "आक्काबाईंना सांगितलं?" उद्या सांगतो म्हणालो. तिने माझी चप्पल पुढे सरकवली. घालून निघालो.

आक्काबाई अंगणात दाणे टाकत होत्या. एकच कोंबडी. उभ्यानेच सगळं सांगितलं. चार्जर कमी पडतो हे दुकानदाराने सांगितलं होतं, थर्मामीटर बघायला लिडियाने सांगितलं होतं, बघितला नाही. तुमच्या सोळापैकी चारच उरलीत, तीही नक्की नाहीत.

त्यांनी ओंजळ रिकामी केली, हात झटकले. म्हणाल्या, "सर, कोंबडी बी कदी कदी अंड्यांवरनं उठून जाती. पुन्यांदा बसवायची. चला, च्या घ्या."

चहा घेतला. येताना गुडघा दुखला नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पहाटेपासून टकटक. अंड्याला आतून भोक पडतं, मग तासन्‌तास काही नाही, मग एकदम ओलं पीस बाहेर. लिडिया म्हणते मदत करायची नाही, त्यांचं त्यांना येऊ द्यायचं. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत एकतीस पिल्लं. आक्काबाईंची तीन.

सहाही बायका आल्या. लिडियाने पिल्लं टोपलीत ठेवली आणि कुठलं पिल्लू कुणाचं हे कुणी काढलं नाही. "आक्काबाई, तुम्ही सहा घ्या," म्हणून बाकीच्या मागे लागल्या. आक्काबाई चारच म्हणत होत्या, शेवटी सहा कबूल केली. पिल्लं आठवडाभर आमच्याकडेच उबेला राहणार, मग न्यायची.

रविवार, ३० नोव्हेंबर

थर्मोस्टॅट मशीनला बसवलाय आणि मशीनमध्ये उद्या दुसरी बॅच जाणार. त्यामुळे पिल्लांच्या खोक्याला काहीच नाही. एक बल्ब, दोरीला टांगलेला. मी विचारलं, तापमान किती ठेवायचं? लिडिया म्हणाली, "पिल्लांकडे बघा. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. लांब पळाली तर गरम होतंय, वर घ्या. पसरून बसली तर काही करू नका." मग स्टूल आणून दिलं आणि चर्चला गेली.

सकाळी ९.२०. गर्दी. बल्ब खाली घेतला.

९.४५. पसरली.

१०.०५. दोन पिल्लं लांब गेली. वर घेतला.

१०.१०. ती दोन नुसतीच फिरायला गेली होती. परत खाली.

१०.३०. पसरली. काही केलं नाही.

१०.५०. पसरली. काही केलं नाही.