काकांची एकशे बारा गाणी

परभणी, मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाथरीच्या मावशीने दिलेल्या बंद लॅपटॉपची हार्ड डिस्क आज आमच्या डेस्कटॉपमध्ये बसवली. खणात ती फारच सैल पडते, म्हणून केसांच्या रबरबँडने बांधली. चालू झाली! आत काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, स्वतः गायलेली एकशे बारा गाणी. मला जागा हवी होती, पण न विचारता पुसायचं कसं? मावशीला फोन केला.

"ती गानी गेली म्हनून तर मी सुखात हाय. पुसून टाक. काकांनी इचारलं तर सांग, डिस्क जळाली म्हनून."

मी हो म्हणाले. का म्हणाले? पाटीवर बाबांनी माझ्याकडून गिरवून घेतलेलं पहिलं वाक्यच होतं, खोटे बोलू नये.

तासाभरात काकांचाच फोन. "बेटा, माझी गानी निघाली का गं?" किती आशेने विचारलं!

"निघाली, काका. एकशे बाराच्या एकशे बारा."

मागून मावशी ओरडली, "माझ्या बहिनीची पोर न्हाईस तू!"

रविवारी काका आमच्याकडे येऊन सगळी ऐकवणार आहेत. मावशी येणार नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. पण न सांगणं, हेही खोटंच ना?