सहाशे चौदा नंबरचा ठोकळा

६ मे २०१९, तांता, इजिप्त

पहिला रोजा. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. इंजीने यादी हातात ठेवली. मुलांच्या मूत्रपिंडातल्या गाठी, मेणाच्या ठोकळ्यांत ठेवलेल्या, वीस-पंचवीस वर्षं जुन्या. त्रेचाळीस नग! पातळ काप काढायचे, काचेवर रंगवायचे. पेशींत एक ठरावीक प्रथिन साचलं असेल तर तपकिरी उमटतं. तपकिरी जास्त, तर गाठ जातीचीच वाईट.

"लुत्फीकाका, जी मुलं गेली त्यांचे ठोकळे आधी शोधा. त्यांच्याशिवाय अभ्यास लंगडा."

यादीत ६१४ होता. सापडत नाही म्हणालो. सापडेल कसा! वीस वर्षं तो माझ्या खणात आहे, चहाच्या डब्यात.

९ मे

एकट्याने रोजा सोडला. खजूर, मसुराचं सूप. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची नातवंडं भांडत होती. बरं वाटलं ऐकून.

माझी लेक नेस्मा चार वर्षांची होती. पोट फुगलं. मी म्हणालो, वात आहे, बडीशेपेचं पाणी पाज. तीन आठवडे तेच म्हणत राहिलो. ती गेल्यावर माझी बायको नाहिद महल्ला शहरात बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली — "दिवसभर लोकांच्या गाठी कापतोस, घरातली हाताला लागली नाही?"



१४ मे

तीस ठोकळे झाले. इंजी रोज विचारते, सहाशे चौदा?

आमच्यात शरीरातून काढलेलं सगळं मातीत जायला हवं. दफनाच्या दिवशी नाहिदने विचारलं होतं, "सगळं दिलंस ना तिच्याबरोबर?" हो म्हणालो. धडधडीत खोटं. एक तुकडा मेणात होता, तो मी ठेवून घेतला. रोज कामावर गेल्यावर भेटायला कोणीतरी हवं होतं.

१९ मे

रंगवलं तर कळेल. तपकिरी — म्हणजे गाठच तशी होती. कोरं — म्हणजे मी.

झोप नाही.

२१ मे

कापला. पहिला काप वाया गेला. उपाशीपोटी यंत्रावर बसू नका म्हणून शिकाऊ पोरांना मीच दटावतो!

इंजी हसली, "काय हो काका, उंदराने आणून दिला का? चहाचा वास येतोय याला!" मीही हसलो.

२६ मे

इंजी सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता म्हणाली, "सहाशे चौदा. शंभरात ऐंशी तपकिरी. बिचारं लेकरू."

"तीन आठवडे आधी आणलं असतं तर?"

तिने मान वर केली. "तेवढ्याने काय झालं असतं, मी सांगू शकत नाही, काका. पण ही गाठ पहिल्यापासून वाईट होती." मग हळूच, "कोणाचं होतं?"

काचा पुसत राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

छातीवरचा दगड उतरेल असं वाटलं होतं. कसलं काय! सूपसुद्धा गरम केलं नाही. हे ज्या एका माणसाला सांगायचं, ते महल्लाला.

३ जून

तिच्या बहिणीकडून नंबर घेतला. नाहिदला सगळं सांगितलं — तपकिरी, डबा, खोटं. ती म्हणाली, "बरं." फोन ठेवला.

संपलं.

५ जून, ईद

नेहमीप्रमाणे सुट्टीच्या दिवशीची कामाची पाळी मागून घेतली. घरी कोण आहे!

नऊ वाजता खालून पहारेकऱ्याचा फोन. "काका, एक बाई आल्यात. दर ईदला येतात, फाटकाशीच फातिहाची प्रार्थना म्हणतात आणि निघून जातात. इतकी वर्षं आत पाऊल टाकलं नाही. आज म्हणतात, लुत्फीला बोलवा."

डबा खिशात घालून उतरलो. केस पांढरे झालेत तिचे.

"खोटं बोललास की तुझं नाक लाल होतं," नाहिद म्हणाली. "दफनाच्या दिवशीही झालं होतं. तेव्हाच कळलं, तिचं काहीतरी इथे राहिलंय. दरवर्षी आधी कबर, मग हे फाटक. पाय दुखतात रे आता. आण तिला. यापुढे एकाच ठिकाणी जाऊ."