सर म्हणतात, पुन्हा

२६ ऑक्टोबर १९९३
बस उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर थांबली आणि कंडक्टरने माझी पुस्तकांची ट्रंक टपावरून धाडदिशी खाली सोडली. संस्कृत विद्येच्या आजच्या अवस्थेचं याहून थोडक्यात वर्णन मी ऐकलेलं नाही. तरी मन प्रसन्न आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी होणं म्हणजे दुसऱ्यांदा मुंज लागण्यासारखं. फरक इतकाच की या खेपेला डोक्यावर कापायला केस नाहीत.

इथे का आलो ते लिहून ठेवतो. अकोल्याच्या आमच्या दैनिकात संगणक आले, मागोमाग नवे मालक आले, आणि माझ्यासारख्या जुन्या वार्ताहराला शाल-नारळ देऊन माझं उदारीकरण झालं. बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात संस्कृतची जागा आहे. माझा पीएच.डी.चा प्रबंध मार्गदर्शकांच्या सहीनिशी मार्चच्या आत दाखल झाला तर ती माझी. नाही झाला तर दुसऱ्याची. प्रबंध जवळजवळ लिहून तयार आहे. विषय : संस्कृत नाटकांतल्या विदूषकाचं खाणंपिणं. रजनीच्या मते तिच्या नवऱ्याला इतका अनुभवाचा विषय दुसरा मिळालाच नसता.

मार्गदर्शक डॉ. शरच्चंद्र टोकेकर. नावनोंदणी पत्रानेच झाली होती. आज दर्शन घडायचं होतं, पण प्रकृती नाजूक. आतल्या खोलीत, पडद्यामागे असतात. दार त्यांच्या धाकट्या भगिनी विनोदिनीबाईंनी उघडलं. अहो बैठा ना, दादा आत आहेत, आधी चाय घ्या, मग सामान लावा, असं खास उज्जैनी मराठीत स्वागत झालं. वरची खोली मलाच दिली आहे. घरात आणखी एक जण, माधव : सरांचा जुना संशोधक, देवासचा, चाळिशीचा, मितभाषी. त्याने माझ्या ट्रंकेचं एक टोक धरलं आणि माझ्याकडे पाहून इतकं मनापासून हसला की माझी कीर्ती इथवर पोचली असावी असं वाटलं.

२९ ऑक्टोबर
पहिलं वाचन झालं. पद्धत अशी : दुपारच्या जेवणानंतर संशोधकाने पडद्याबाहेर पाटावर बसून आपलं प्रकरण मोठ्याने वाचायचं. माधव पडद्याआड सरांजवळ बसतो आणि वाचन संपलं की बाहेर येऊन अभिप्राय सांगतो. मी मोदकांचा भाग चांगला रंगवून वाचला. आतून हूं नाही की चूं नाही. माधव बाहेर आला आणि म्हणाला, सर म्हणतात, पुन्हा लिहा. काय चुकलं असं विचारलं तर म्हणाला, सर म्हणतात, इथे हसू येतं.

विदूषकावर लिहिलेलं वाचताना हसू येतं, ही तक्रार मी प्रथमच ऐकली.

१८ नोव्हेंबर
दिवाळी झाली. पहिलं प्रकरण जिथल्या तिथे. मोदक काढले, सर म्हणतात पुन्हा. तळटीपा वाढवल्या, पुन्हा. तळटीपा कमी केल्या, पुन्हा. मधल्या वेळात मी विजेचं बिल भरतो, गॅसचा नंबर लावतो, फ्रीगंजच्या बाजारातून सरांचा च्यवनप्राश आणतो. शोध सिलिंडरचा आणि प्रबंध रांगेचा, एवढंच सध्या संशोधन.

टॉवर चौकातल्या एसटीडी बूथवरून रजनीला फोन केला. सर दिसायला कसे आहेत, असं तिने विचारलं. मी म्हणालो, ब्रह्मासारखे. आहेत असं जाणकार सांगतात. ती फोनवर खळखळून हसली. तेवढंच आजचं यश.

८ डिसेंबर
वार्ताहरकी सुटली तरी खोड सुटत नाही. आत रोज दोन ताटं जातात. एक चाटून-पुसून बाहेर येतं, दुसऱ्यावरची पोळीची घडीही मोडलेली नसते. विनोदिनीबाई ते ताट सरळ गाईला घालतात. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नसतं. एवढ्या दिवसांत खोकला नाही, खाकरणं नाही. च्यवनप्राशाच्या बरण्या कपाटात ओळीने, एकही न फोडलेली.

आज माधव दळण आणायला गेला आणि बाई पूजेत होत्या तेव्हा मी पडदा सारला. एक लाकडी आरामखुर्ची. तिच्या हातावर घडी केलेलं उपरणं. समोर लिहायचं मेज. बिछाना गुंडाळून कोपऱ्यात उभा.

सर नाहीत.

९ डिसेंबर
माधवला टॉवर चौकात चहाला नेलं आणि सरळ विचारलं. त्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. सर दोन वर्षांपूर्वी ओंकारेश्वरला गेले असताना तिथेच वारले. माधवनेच सगळं उरकलं. पण मार्गदर्शक गेला की नावनोंदणी गेली; नवा मार्गदर्शक, नवा विषय, श्रीगणेशा. अहो माणिकजी, माझी सारी जवानी यात गेली, पुन्हा कुठून सुरुवात करू, असं तो म्हणाला. बाईंनाही घर एकदम रिकामं होणं सोसलं नसतं. म्हणून दोघांनी ठरवलं, सर आत आहेत. मला आलेली सरांची पत्रंही माधवचीच.

वार्ताहर म्हणून मी खवळायला हवं होतं. मी विचारलं, सरांची सही येते का तुला. बुऱ्हाणपूर डोळ्यांसमोर होतं, दुसरं काय.

मग सुचलं, याने स्वतःच्या प्रबंधावर आजवर सही का केली नाही? माधवचा चहा निवून गेला. खुर्चीत बसतो, म्हणाला. पेन धरतो. सर नाही म्हणतात.

मी हसलो. तो हसला नाही.

२० डिसेंबर
माधवने तोड काढली. आपल्याच प्रबंधावर सरांची सही आपल्याला होत नाही ना? मग माणिकजी, आप माझ्यावर करा, मी तुमच्यावर करतो. साधी देवाणघेवाण. दुपारी खुर्चीत बसलो. लाकूड उबदार होतं. माधव तर सकाळपासून बाहेर होता, नुकताच आला होता. पेन टेकवलं आणि सही झरझर उमटली, शेवटच्या वळणासकट. मी ती सही कधी लक्ष देऊन पाहिलेलीसुद्धा नाही.

माधवने प्रबंध छातीशी धरला. वाकला. माझ्या पाया पडतोय असं वाटलं, पण त्याने खुर्चीच्या पायाला हात लावला.

मी वर जाऊन माझा प्रबंध घेऊन येईपर्यंत तो गेला होता. वळकटीही न घेता.

२३ डिसेंबर
देवासला फोन लावला. शेजारी म्हणाले, माधव आला आणि लगेच कुठेतरी गेला. लबाड. मला सही देणं लागतो तो.

मग माझ्या प्रबंधावर सही करायला मीच खुर्चीत बसलो. सही म्हणून जे लिहिलं ते वाचून पाहिलं : पुन्हा लिहा. दुसऱ्या पानावर प्रयत्न केला. पुन्हा लिहा. वरच्या खोलीत बसून केली तर माझंच नाव उमटतं, तेही वेडंवाकडं. चिडून दौत भिंतीवर मारली. बाईंनी डाग पुसला.

४ जानेवारी
विनोदिनीबाई आता ताट माझ्यासमोर आतच ठेवतात. एकच. आज विचारलं, दादा, भाजीत नमक कमी तर नाही?

मी म्हणालो, नाही.

नंतर लक्षात आलं, मी दादा नाही.

११ जानेवारी
रजनीला फोन. तिने शेजारच्यांच्या नव्या डिश अँटेनाची गंमत सांगितली. कावळे बसून बसून चित्रात दिसतात म्हणाली. मी म्हटलं, याला आधार काय?

मग तिने विचारलं, कोण बोलतंय?

तिला चिडवावं, हसवावं म्हणून काहीतरी शोधत होतो— सापडेना. बाहेर लोक खोळंबले होते. फोन ठेवला.

१९ जानेवारी
ट्रंक भरली. नानाखेड्यापर्यंत गेलो. बस उभी होती. चढायचं तेवढं होतं. पण असा गेलो तर बुऱ्हाणपूर गेलंच— आणि एकदा पहिलं प्रकरण नीट झालं की— दुपार होत आली होती. वाचनाची वेळ. आत कुणीतरी हवं ना.

परत आलो. पहिलं प्रकरण वाचलं. मीच बाहेर, मीच आत.

पुन्हा.

२ फेब्रुवारी
नवी संशोधक आली. पल्लवी, नागपूरची. नावनोंदणीचं पत्र दाखवलं. अक्षर सरांचं. माझ्या बोटांवर शाई आहे, पण मी लिहिल्याचं— नाही आठवत.

रिक्षावाल्याशी भाड्यावरून केलेलं भांडण तिने नक्कल करून सांगितलं. बाई हसल्या. मी तिच्या ट्रंकेचं एक टोक धरलं आणि तिच्याकडे पाहून हसलो. मनापासून.

आता कळलं माधव का हसला होता.

नाही. तिला आत बसवायचं नाही. उद्या स्पष्ट सांगतो, पोरी, घरी जा.

३ फेब्रुवारी
छान वाचलं तिने. बाहेर आलो. पोरी, हा शब्द ओठांवर होता. ती पाटावरून मान वर करून बघत होती—

सर म्हणतात, पुन्हा लिहा.

माझाच आवाज. म्हणजे तोंड माझंच—

ती मान हलवून वर गेली. लिहायला बसली आहे. जा म्हणायला हवं. जा. जा. हा शब्द कागदावर येतो, तोंडात—

सायंकाळी
सर म्हणतात, ही रोजनिशीही हसरी आहे. पहिल्यापासून पुन्हा.

२६ ऑक्टोबर १९९३
बस नानाखेड्याला थांबली. कंडक्टर होता. ट्रंक होती. मन प्रसन्न— हे काढा. डॉ. शरच्चंद्र टोकेकर यांचे घरी आगमन. दार भगिनीने उघडले. ट्रंक दोघांनी उचलली. एका टोकाला माधव. दुसऱ्या टोकाला मी— आधार नाही. दुसऱ्या टोकाला